आई-बाबांना ऑन्टारिओला बोलावताना: व्हिजिटर व्हिसा, सुपर व्हिसा आणि आपली मराठी कागदपत्रं

ऑन्टारिओला यायचं म्हणून ऑन्टारिओचा असा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. व्हिसा कॅनडाच्या केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं देतं, त्या खात्याला सगळे आयआरसीसी म्हणतात. त्या एकाच व्हिसावर टोरंटोला उतरा, नायगरा बघा, वाटलं तर शेजारच्या क्यूबेकला जाऊन या. प्रांत बदलताना कुणी कागद मागत नाही. काही देशांच्या नागरिकांना ईटीए नावाच्या साध्या ऑनलाइन परवानगीवर विमानात बसता येतं. नुसत्या भारतीय पासपोर्टवर ती सोय नाही. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा माफ असतो, बाकीच्यांना तो काढावाच लागतो.

इकडे टोरंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांत थंडी सरत आली की हाच विषय सुरू होतो: यंदा उन्हाळ्यात आई-बाबांना आणायचं. मी माझ्या आई-बाबांचा अर्ज स्वतः भरला, नंतर ओळखीतल्या काही जणांच्या अर्जांना हातभार लावला. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. अर्ज वाचणारा अधिकारी तुमच्या आई-बाबांना बहुतेक वेळा भेटतच नाही. गावात त्यांचं घर आहे, शेत आहे, धाकट्या भावाची मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढतायत, हे फाइलमध्ये दिसलं तरच त्याला कळणार.

व्हिजिटर की सुपर?

साध्या व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहसा सहा महिने राहता येतं. मुलगा-मुलगी इथे शिक्षणासाठी असो, वर्क परमिटवर असो की पीआर (कायमचा रहिवासी) असो, आई-वडील हा व्हिसा मागू शकतात. सासू-सासरे, मावशी, मित्र, कुणीही.

सुपर व्हिसा फक्त आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी आहे, आणि बोलावणारा मुलगा, मुलगी किंवा नातवंड कॅनडाचं नागरिक किंवा पीआर असलं पाहिजे. ४ जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला अटीही तशाच आहेत. बोलावणाऱ्याचं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या किमान रेषेच्या वर हवं, आणि ती रेषा कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरते. मोजताना येणारे आई-बाबाही धरायचे, हे पुष्कळ जण विसरतात. त्यासाठी कर खात्याची नोटिस ऑफ असेसमेंट (कर आकारणीचं पत्र), टी-फोर (वर्षाच्या पगाराचा दाखला) आणि कंपनीचं पत्र जोडतात. शिवाय आईवडिलांची वैद्यकीय तपासणी, तीही आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच, आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा. विम्याचं नुसतं कोटेशन चालत नाही. पैसे भरलेले, निदान पहिला हप्ता गेलेला दिसला पाहिजे. अर्ज आई-बाबा कॅनडाबाहेर असतानाच करायचा.

चार-सहा महिन्यांसाठीच यायचं असेल तर माझ्या मते सुपर व्हिसाच्या मागे लागू नये. विम्याचा खर्च साठी-सत्तरीत चांगलाच जाणवतो.

फाइलमध्ये काय असावं

अधिकाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: कशासाठी येताय, खर्च कोण करणार, आणि परत का जाणार. नकार येतो तो बहुतेक तिसऱ्या मुद्द्यावर. इमिग्रेशन नियमावलीतला नियम १७९ सांगतो की मुदत संपल्यावर पाहुणा देश सोडून जाईल, याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे.

कशासाठी, याचं उत्तर निमंत्रणपत्रात येतं. त्यात आई-बाबांची पूर्ण नावं, जन्मतारखा, पत्ता, तुमचं नातं, कधी येणार, कधी परतणार, कुठे राहणार, खर्च कुणाचा, हे लिहा. तुमची जन्मतारीख, पत्ता, नोकरी, घरात किती माणसं आहेत तेही लिहा आणि तुमच्या पीआर कार्डाची, पासपोर्टची किंवा परमिटची प्रत जोडा. कारण खरं असेल तेच द्या. मुलीच्या बाळंतपणाला येतोय असं लिहायला लोक घाबरतात, हे काम समजलं जाईल म्हणून. घाबरायचं कारण नाही. भेटीला आलेल्या आईने मुलीच्या बाळाकडे पगार न घेता बघणं हे काम धरलं जात नाही, असं आयआरसीसीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच उदाहरण देऊन सांगितलं आहे.

खर्चासाठी बँकेचं निदान सहा महिन्यांचं स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, पेन्शनचे कागद, आयकर विवरणपत्रं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक पाच लाख आले तर ते कुठून आले हे सांगावं लागेल. त्यापेक्षा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं सरळ लिहा आणि तुमची स्टेटमेंट लावा.

सातबारा आणि माहेरचं नाव

आपल्या फायली अडतात त्या इथे. परत जाण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून आपण शेताचा सातबारा लावतो. तो एकदा समोर ठेवून परक्या माणसाच्या नजरेने बघा. वर गाव नमुना सात: गट नंबर, भोगवटादारांची नावं, हेक्टर-आर मधलं क्षेत्र, रुपये-पैशांतला आकार, इतर अधिकारात सोसायटीचा बोजा. खाली गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद. अधिकाऱ्याला यातलं अक्षरही कळत नाही.

इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं. सोबत भाषांतरकाराचं शपथपत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत. भाषांतर घरच्यांनी केलेलं चालत नाही. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं, तुम्ही स्वतः व्यवसायाने भाषांतरकार असलात, तरी आई-बाबांचे कागद दुसऱ्याकडूनच करून घ्या.

आणि भाषांतर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. आमच्या सातबाऱ्यावर सहा नावं होती: बाबा, दोन काका, एक आत्या आणि वारलेल्या थोरल्या काकांचे दोघं वारस. क्षेत्र सगळ्यांचं एकत्र. भाषांतर अगदी बिनचूक होतं, तरी बाबांचं नेमकं किती हे त्यावरून कळत नव्हतं. मग मी आठ-अ चा, म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा, उतारा जोडला आणि कव्हर लेटरमध्ये चार ओळी लिहिल्या: ही वडिलोपार्जित सामाईक जमीन आहे, बाबांचा हिस्सा इतका, ऊस बाबा बघतात आणि तोडणीच्या आधी त्यांना परत जायचं आहे. माझ्या मते त्या चार ओळींनी सातबाऱ्याला अर्थ आला.

दुसरी अडचण नावांची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, लग्नात पहिलं नावही बदललेलं, बँकेत आणखी तिसरंच स्पेलिंग. फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो: यापूर्वी दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का? तिथे ‘नाही’ लिहून मोकळं होऊ नका. माहेरचं पूर्ण नाव लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. जुन्या लग्नांची नोंद पुष्कळदा झालेलीच नसते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ती आताही करून घेता येते, त्यामुळे तिकिटांच्या आधी हे काम हातावेगळं करा.

आणखी एक प्रश्न लोक घाईत चुकवतात: सैन्य, पोलीस किंवा नागरी संरक्षण दलात सेवा केली आहे का? बाबा कधीकाळी होमगार्डमध्ये होते तर तेही इथे येतं. आधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही सांगा. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती लपवली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं बंदी येते, आणि फॉर्म एजंटने भरला होता हे कारण तिथे सहसा टिकत नाही. पाठवायच्या आधी प्रत्येक पान आई-बाबांना मराठीतून वाचून दाखवा. अर्ज त्यांचा आहे.

अर्ज, फी, ठसे

अर्ज आयआरसीसीच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो) माणशी ८५, म्हणजे दोघांचे ३७०. चार-पाच जणांचं कुटुंब एकत्र अर्ज करत असेल तर बायोमेट्रिक्सची फी १७० च्या वर जात नाही. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. 

फी भरली की बायोमेट्रिक्सचं पत्र येतं. तिथून ३० दिवसांत व्हीएफएसच्या (व्हिसा अर्जांचं काम बघणाऱ्या कंपनीच्या) केंद्रावर जाऊन ठसे आणि फोटो द्यायचे. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला केंद्र आहे. १४ वर्षांखालच्यांना आणि ७९ च्या वरच्यांना ठसे माफ. एकदा दिलेले ठसे दहा वर्षं चालतात.

आयुष्यभर धुणंभांडी आणि शेतातलं काम केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. माझ्या आईचा उजवा अंगठा तीनदा उमटला नाही. ती ओशाळून हात पदराला पुसत राहिली. काउंटरवरच्या मुलीने ओलसर टिश्यू दिला, ‘घाई नाही काकू’ म्हणाली, आणि चौथ्यांदा ठसा आला. आठ-दहा दिवस आधीपासून रोज रात्री हाताला क्रीम लावा, मेंदी टाळा, आणि हे असं होतं हे आईला घरीच सांगून ठेवा.

मंजुरी मिळाली की पासपोर्ट मागवतात आणि त्यावर व्हिसाचा स्टिकर लागतो. तो जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो, पण पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. त्यामुळे पासपोर्ट संपत आला असेल तर आधी नवा काढा. नोव्हेंबर २०२४ पासून दहा वर्षांचा व्हिसा सरसकट गृहीत धरता येत नाही, किती मुदत द्यायची हे अधिकारी ठरवतो.

नकार आला तर फी परत मिळत नाही आणि साधं अपीलही नसतं. फेडरल कोर्टात ६० दिवसांत दाद मागता येते, पण बहुतेकांना नवा अर्जच परवडतो. तीच फाइल पुन्हा पाठवण्यात मात्र अर्थ नाही. नकाराचं कारण वाचा आणि त्या कारणाला उत्तर देणारे कागद घाला.

निघताना

विमान अमेरिकेत थांबत असेल तर अमेरिकेचाही व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त दिसलं तरी हे आधी बघा.

ऑन्टारिओचा सरकारी आरोग्य विमा पाहुण्यांना लागू नाही, म्हणून व्हिजिटर व्हिसावर सक्ती नसली तरी विमा घ्याच. बीपी, शुगर असेल तर आधीच्या आजारांबद्दलची अट शब्दन् शब्द वाचा. गेल्या काही महिन्यांत गोळ्या बदलल्या असतील तर त्या आजाराचा खर्च काही पॉलिसी देत नाहीत. औषधं ९० दिवसांपुरती, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणता येतात.

गोडा मसाला, मेतकूट, चिवडा, जे काही खाण्याचं असेल ते विमानतळावर जाहीर करा. लपवलं तर १,३०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बाबांना गाडी चालवायची असेल तर ऑन्टारिओत भारतीय लायसन्सवर तीन महिन्यांपर्यंत चालवता येते. त्याहून जास्त राहणार असतील तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा.

निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद आईच्या पर्समध्ये द्या, चेक-इनच्या बॅगेत नको. टोरंटोच्या पिअरसन विमानतळावर अधिकारी विचारतो: कुणाकडे, किती दिवस? तिथे पासपोर्टवर शिक्का मारताना हाताने तारीख लिहिली आहे का बघा. लिहिली असेल तर त्या दिवसापर्यंतच राहता येतं. तारीख नसेल तर आल्या दिवसापासून सहा महिने. स्टिकरवर २०३४ छापलंय म्हणून २०३४ पर्यंत राहता येतं असं समजून एका घरातले आजोबा मुदतीच्या दारात येऊन पोहोचले होते. स्टिकरवरची तारीख फक्त आत येण्याची शेवटची तारीख असते. जास्त राहायचं असेल तर मुदत संपायच्या निदान ३० दिवस आधी इथूनच मुदतवाढीचा अर्ज करायचा. त्याचे १०० डॉलर, आणि निकाल लागेपर्यंत आई-बाबांना इथे कायदेशीरपणे राहता येतं.