नाउरझुम: वाळूतलं पाइन आणि कुसळाचं गवत

उत्तर कझाकस्तानात, कोस्तानाय शहराच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर नाउरझुमचं राखीव क्षेत्र आहे. वस्ती विरळ, आत जायला आधी परवानगी काढावी लागते. गवताळ स्टेप, पाइनचं रान आणि तळी इथे एकमेकांना खेटून नांदतात. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला पाणी जेमतेम 250 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशाहूनही कमी. मग झाडं जगतात कशावर?

गुपित मातीत आहे. चिकणमातीत पाणी वरच्या थरातच अडकतं. काही उन्हाने उडून जातं, उरलेलं गवत पितं. वाळूत मात्र ते झरझर खाली मुरतं, उन्हाला सापडत नाही, आणि पाइनची मुळं तिथवर पोचतात. म्हणून जिथे वाळू, तिथेच रान.

तळ्यांची कहाणी थंडीत सुरू होते. जमीन दगडासारखी गोठते, त्यामुळे वसंतात वितळलेलं बर्फ मुरत नाही, वाहत जाऊन खोलगट भागात साठतं. बाहेर पडायला वाट नाही. बर्फ कमी पडलं की तळी आटतात, काही वर्षांनी पुन्हा भरतात.

स्टेपमध्ये गुडघे टेकून गवत बघावं. स्टिपा गवताच्या बीला पिसासारखी लांब शेपटी असते. ती वाळली की पिळली जाते, ओली झाली की उलगडते, आणि या पीळ-उलगडीत टोकदार बी जमिनीत घुसत जातं. सासवडच्या माळावरून फिरून आल्यावर मोज्यातली कुसळं उपटत बसलेल्यांना हे यंत्र चांगलंच ओळखीचं आहे!

शाही गरुड घरटं बांधतो पाइनच्या शेंड्यावर, पण पिल्लांसाठी शिकार आणतो स्टेपमधून, बिळात राहणाऱ्या सुसलिक खारींची. रान नुसतं राखून त्याचं भागत नाही.

2008 साली युनेस्कोने नाउरझुम आणि कोर्गाल्झिन ही दोन राखीव क्षेत्रं मिळून हा प्रदेश जागतिक वारशात घेतला. भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंच वाटेत नाउरझुमच्या तळ्यांवर उतरत. 2002 नंतर ते भरतपूरला दिसलेले नाहीत, आणि हे लिहितानाही मन खट्टू होतं.

माँटेग्यूचे भोवत्ये, हे शिकारी पक्षी, मात्र अजून भारतात येतात. इथे उपग्रह-टॅग लावलेले काही भोवत्ये उन्हाळ्यात कझाकस्तानच्या स्टेपमध्ये पोचल्याचं नोंदलं गेलं आहे. हिवाळ्यात ते आपल्या माळरानांवर नाकतोडे टिपतात आणि तिन्हीसांजेला थव्याने उंच गवतात, थेट जमिनीवर मुक्कामाला उतरतात. सातबाऱ्यावर तीच जमीन पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून लिहिलेली असते.