औषध घरी, परिणाम वर्गात

सातवीतल्या मुलाला घेऊन आई-वडील मानसोपचारतज्ज्ञांकडे येतात. अभ्यासाला बसत नाही, वह्या अर्धवट राहतात, एक वस्तू जागेवर राहत नाही, अशी त्यांची तक्रार असते. मुलगा मात्र तपासणीच्या वीस मिनिटांत खुर्चीत शांत बसतो आणि विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरे देतो. जागा नवी, समोरचा माणूस अनोळखी आणि सगळ्यांचे लक्ष आपल्याकडे, अशा वेळी एडीएचडी म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असलेली पुष्कळ मुले सावधपणे बसतात. म्हणूनच या विकाराच्या निदानाच्या निकषांत एक महत्त्वाची अट आहे: लक्षणे वयाच्या १२व्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत आणि ती किमान दोन ठिकाणी, उदाहरणार्थ घरी आणि शाळेत, दिसायला हवीत. वर्गशिक्षिकेने भरून दिलेली प्रश्नावली हाती आल्याखेरीज डॉक्टरांसमोर चित्राचा अर्धाच भाग असतो. शाळेचा सहभाग निदानापासूनच सुरू होतो, तो असा.

उपचार सुरू झाल्यावर ही गरज आणखी वाढते. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे एक प्रमुख औषध. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन ते चार तास टिकतो. सकाळी सातला घेतलेली गोळी अकराच्या सुमारास उतरू लागते. आई-वडिलांना संध्याकाळी भेटणाऱ्या मुलावर औषधाचा अंमल उरलेलाच नसतो, त्यामुळे ‘काही फरक नाही’ असे ते अगदी प्रामाणिकपणे सांगतात. गणिताच्या बाईंना मात्र दुसऱ्याच तासाला तो फरक दिसलेला असतो, आणि शेवटच्या दोन तासांना पुन्हा चुळबूळ सुरू झालेलीही दिसलेली असते. भूक मंदावणे हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम. तोही सगळ्यात आधी दिसतो तो मधल्या सुट्टीत, न उघडलेल्या डब्यात. डोस वाढवायचा, वेळ बदलायची की जास्त तास टिकणारी गोळी द्यायची, हे ठरवायला लागणारी माहिती शाळेत असते. ती दवाखान्यापर्यंत पोहोचली नाही, तर चांगले लागू पडलेले औषधही ‘उपयोग नाही’ म्हणून बंद होऊ शकते.

चिंताविकारात शाळा हीच उपचारांची जागा होते. दर सोमवारी सकाळी पोटात दुखणारे, सगळ्या तपासण्या ‘नॉर्मल’ येणारे मूल आपल्या ओळखीचे असते. ते दुखणे सोंग नसते. भीतीने शरीर खरोखरच तसे वागते. पण घरी थांबायला मिळाले की पोटदुखी थांबते, सुटकेचा अनुभव येतो, आणि पुढच्या सोमवारी शाळा टाळण्याची ओढ वाढलेली असते. अशा मुलाला महिनाभर विश्रांतीचा दाखला लिहून देणे ही आम्हा सगळ्यांना दयाळूपणाची वाटणारी गोष्ट बहुतेक वेळा नुकसान करते. उपयोगी पडते ते भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे: आधी फाटकापर्यंत, मग अर्धा तास ग्रंथालयात, मग आवडत्या विषयाचे दोन तास, मग अर्धा दिवस. पायऱ्या आखतात मानसशास्त्रज्ञ आणि मूल मिळून, पण चढायच्या असतात शाळेत. सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद करणाऱ्या शिपाईदादांना या मुलाला आत घ्यायचे आहे हे कुणी सांगितलेले नसेल, किंवा पहिल्याच दिवशी ‘इतके दिवस कुठे होतास?’ असा प्रश्न साऱ्या वर्गासमोर आला, तर कित्येक आठवड्यांची मेहनत एका सकाळी वाया जाते.

हा प्रश्न मोजक्या मुलांचा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात हा हिशेब चारवर जातो. जगभरातल्या १९२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते, की मानसिक विकार होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा विकार वयाच्या १८व्या वर्षाआधी सुरू होतो आणि सुरुवातीचे सर्वाधिक प्रमाण साडेचौदा वर्षांच्या आसपास असते. आपल्याकडे हे वय आठवी-नववीचे, दहावीच्या तयारीचा धाक सुरू होण्याचे.

सगळ्यात नाजूक काळ असतो रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा. मनोरुग्ण विभागातून डिस्चार्ज मिळाल्यावरचे पहिले काही आठवडे, त्यातही पहिला आठवडा, आत्महत्येच्या दृष्टीने जास्त जोखमीचा असतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. नेमक्या याच दिवसांत मूल बुडालेला अभ्यास, चुकलेली चाचणी आणि मित्रांचे प्रश्न यांना तोंड देत असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन गावच्या हायस्कूलमध्ये २००४मध्ये यावर एक उपाय सुरू झाला. शाळेतच एक खोली, तिथे दिवसभर हजर असणारा मानसिक आरोग्याचा प्रशिक्षित माणूस आणि त्याच्याबरोबर अभ्यासाची सांगड घालून देणारा दुसरा माणूस. परतलेले मूल आठ ते बारा आठवडे या खोलीच्या आधाराने वावरते; जमेल तेवढे तास वर्गात बसते, असह्य झाले की खोलीत येते आणि मोकळे वाटले की पुन्हा वर्गात जाते. कोणता गृहपाठ माफ करायचा आणि कोणता नंतर करून घ्यायचा, हे प्रत्येक शिक्षकाशी मुलाने स्वतः बोलावे लागत नाही. या व्यवस्थेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे, कारण आजारातून उठलेल्या मुलाला सात शिक्षकांपुढे सात वेळा स्वतःचे समर्थन करायला लावणे ही शिक्षाच आहे.

आपल्या बहुतेक शाळांत अशी खोली नसते. तरीही एका पत्राने बरेच साधते, आणि ते पत्र कसे असावे यावर थोडे थांबायला हवे. समजा, नववीतली एक मुलगी बायपोलर विकारासाठी, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाणाऱ्या आजारासाठी, लिथियम हे औषध घेत आहे. लिथियममुळे तहान खूप लागते आणि लघवीला वारंवार जावे लागते. शरीरातले पाणी कमी झाले, तर रक्तातली लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. तिच्या शिक्षकांना आजाराचे नाव कळण्याची गरज नाही. पत्रात एवढे पुरते: ‘हिला बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यावी. तासाला बाहेर जाण्याची परवानगी न विचारता मिळावी. उन्हातल्या पीटीच्या तासाला सावलीत बसू द्यावे. उलट्या-जुलाब झाले, हात फार थरथरले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच पालकांना आणि या क्रमांकावर फोन करावा.’ नेमके काय करायचे ते शिक्षकांना कळते आणि मुलीची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येत नाही.

गोपनीयता हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. अठरा वर्षांखालील मुलासाठी संमती पालक देतात. पण पत्रात काय लिहिले आहे ते मुलाला वाचून दाखवावे, त्याला नको असलेली ओळ शक्य असेल तर काढावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्याविषयी पाठीमागे बोलणे होते असे ज्याला वाटते, ते मूल पुढच्या वेळी डॉक्टरांनाही खरे सांगत नाही.

दवाखान्याने शाळेला काय कळवावे याइतकेच शाळेने काय कळवावे हेही महत्त्वाचे. ‘मुलगा डिप्रेशनमध्ये वाटतो’ या वाक्याचा डॉक्टरांना फार उपयोग नसतो. ‘तीन आठवडे एकटाच डबा खातो, फुटबॉल सोडला, वहीतले अक्षर बिघडले’ या वाक्याचा असतो. निदान करण्याचे ओझे शिक्षकांवर टाकू नये.

उपचार करण्याचे ओझे तर त्याहून नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी शाळांत, गोव्याच्या संगथ संस्थेच्या सहभागाने झालेल्या ‘सेहर’ प्रयोगात शालेय आरोग्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या, पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी राबवला आणि काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली; शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत तसा फायदा दिसला नाही. दोष शिक्षकांचा नाही. वर्ग, पेपर आणि सरकारी कामे सांभाळून उरलेल्या वेळात हे काम होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले आणि लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडायला सांगितले. अशी नेमणूक होईपर्यंत आणि त्यानंतरही, केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा शिक्षकांनाही वापरता येते.

असा एक समुपदेशक शाळेत असला, की शाळा आणि दवाखाना यांच्यात निरोपांची ये-जा सुरू होते. एखाद्या मुलीच्या पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेकडून चार ओळी येतात: पहिले दोन तास डोळे मिटतात, साडेनऊनंतर बरी असते, मैत्रिणीबरोबर डबा खाल्ला, मराठीच्या तासाला एकदा हात वर केला. ते वाचून डॉक्टर झोप आणणारी रात्रीची गोळी दहाऐवजी आठ वाजता घ्यायला सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या तासाला काय होते ते कळवा, असे त्याच कागदाच्या तळाशी लिहून तो आईच्या हाती परत देतात.