तळ्यांचा मुलूख: भंडारा-गोंदियाच्या शेतीची आणि पाण्याची पार्श्वभूमी

भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे १ मे १९९९ पर्यंत एकच होते. कागदोपत्री वाटणी झाली असली तरी माती, पाणी आणि पीक यांच्या हिशेबाने आजही ते एकच आहेत. २०११ च्या जनगणनेत भंडाऱ्याची लोकसंख्या १२ लाख भरली आणि गोंदियाची १३ लाख २२ हजार. दोन्हीकडे पाचातले चार जण खेड्यात राहतात. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर काळी जमीन आणि कापूस येतो. वैनगंगेच्या या खोऱ्यात मात्र धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांध्याच बांध्या (बांध घातलेली शेतं) दिसतात, आणि दर गावाच्या अंगाला एखादं तरी तळं.

इतकी तळी का, याचं उत्तर ऑक्टोबर महिन्यात आहे. इथे वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा भरघोस वाटतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, तोही मोजक्या झडींत पडतो. खाली जुना कठीण खडक, वर बऱ्याच ठिकाणी हलकी जमीन. इथला शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी अशी नावं देतो. कन्हार काळी, ओल धरणारी. सिहार पिवळसर, रेतीमिश्रित, धानाला मानवणारी पण लवकर सुकणारी. मध्यम आणि उशिरा येणारा धान निसवतो आणि दाणा भरतो तो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमका पाऊस परतीला लागलेला असताना. हस्ताचा पाऊस हुकला की लोंब्या पोचट राहतात. अशा वेळी साडेसात सेंटीमीटरचं एक पाणी मिळालं तर पीक हाती लागतं. एका हेक्टरला हे पाणी भरतं ७५० घनमीटर, म्हणजे साडेसात लाख लिटर. एवढं पाणी पावसाळ्यात अडवून ठेवायचं आणि उताराने, उपशाशिवाय बांधीत पोचवायचं, एवढ्यासाठी हे सारे तलाव बांधले गेले.

हा प्रदेश गोंड राजांच्या ताब्यात होता तेव्हा तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क देऊन वसवण्याची पद्धत पडली. कोहळी समाज याच कामासाठी ओळखला जातो. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजाने आपल्या पूर्वजांना काशीकडून आणलं, अशी त्यांच्यातली परंपरागत समजूत आहे. साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या दक्षिणेकडच्या पट्ट्यात त्यांची गावं दाट आहेत. तळ्याखाली ऊस लावून गूळ गाळण्यातही ते वाकबगार होते. उत्तरेकडे, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव या बाजूला पोवार शेतकरी माळव्याकडून नगरधनमार्गे येऊन स्थिरावले. त्यांनी जंगल तोडून बांध्या काढल्या आणि त्यांच्यासोबत आलेली पोवारी बोली अजून घराघरांत आहे. गोंड, हलबा, कुणबी, तेली, गोवारी, महार, कलार आणि मासेमारीवर जगणारे ढिवर अशी गावाची बांधणी झाली. पाळ (तळ्याचा मातीचा बांध) घातली कोहळ्याने असं सांगण्याची रीत आहे; माती मात्र या सगळ्यांनी वाहिली, हे विसरलं जातं.

तलावाची रचना साधी दिसते, पण ती डोकं लावून केलेली आहे. दोन टेकड्या किंवा उंचवटे जिथे जवळ येतात तिथे मातीची पाळ घालायची, म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडतं. नवेगाव बांध हे याचं सर्वांत मोठं उदाहरण: डोंगरांच्या मधल्या खिंडी पाळींनी बुजवून ते तळं उभं राहिलं. लोकपरंपरा त्याचं श्रेय कोलू पाटील कोहळी याला देते. पाळीतून पाणी सोडायला तुडूम असतं. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोकं असतात आणि ती बुचांनी बंद केलेली असतात. तळ्याची पातळी उतरत जाते तसं वरून एकेक भोक मोकळं करायचं. यामुळे नेहमी वरच्या थराचं पाणी सुटतं, दाब कमी राहतो आणि पाट फुटत नाही. जास्तीचं पाणी निघून जायला एका टोकाला सलंग. एका तळ्याच्या सलंगीतून निघालेलं पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या, अशी साखळी नाल्यापर्यंत जाते. शिवाय शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीच्या बोड्या: दोन-चार बांध्यांना पुरेल एवढं पाणी धरणारी छोटी तळी.

१८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, आणि तळ्यांचीही. मालगुजारी न्यायाची नव्हती. पाळीवरची माती टाकायला कुळांना वेठीला बोलावलं जाई, आणि पाण्यावर पहिला हात मालगुजाराच्या सीरेचा, म्हणजे त्याच्या घरच्या शेतीचा, असे. तरी एक गोष्ट खरी की तळं फुटलं तर नुकसान त्याच्याच घरात होतं. त्यामुळे उन्हाळ्यात गाळ निघे, पावसाआधी पाळीवर माती पडे. कोणत्या तळ्याखाली कोणाच्या बांध्या, मासे कोणी धरायचे, गुरं कुठे पाणी पितील, हे गावाच्या वाजिब-उल-अर्जात (गावच्या रूढींची नोंद) आणि निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) लिहून ठेवलेलं असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांताला हादरवल्यावर सरकारनेही मोठे तलाव हाती घेतले. बोदलकसा, चोरखमारा, खैरबंदा ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली कामं.

सगळं फिरलं ते ३१ मार्च १९५१ ला. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि गावातले तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. बोलीत मामा तलाव. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या वर आहे. जमीनदारी गेली हे योग्यच झालं. चूक पुढे झाली. तलाव गावाकडे न देता महसूल खात्याकडे गेले, मग सिंचनक्षमतेप्रमाणे जिल्हा परिषद आणि पाटबंधारे खातं यांच्यात वाटले गेले. मासेमारीचा ठेका वेगळ्या कागदावर आला. तळ्याखालची जमीन एका दप्तरात, तळ्याचं पोट दुसऱ्यात, तळ्याला पाणी पुरवणारं झुडपी जंगल तिसऱ्यात. वर सरकारने पाणीपट्टी लावली. आमचा पाण्याचा हक्क निस्तारात लिहिलेला आहे, तो जमिनीबरोबर येतो, त्यावर पट्टी कसली, असा शेतकऱ्यांचा सवाल होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. पट्टी भरायची नाही आणि दुरुस्ती सरकारने करायची, या ओढाताणीत वर्षं गेली आणि पाळीवर माती टाकायला कोणी उरलं नाही.

त्याच काळात मोठी धरणं आली. गाढवी नदीवरचं इटियाडोह १९७० च्या सुमारास उभं राहिलं. बावनथडीचा प्रकल्प मध्य प्रदेशाच्या भागीदारीत झाला. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा आणि उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर भिजवण्याचं. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, खर्च कित्येक पटींनी वाढला, गावं उठली, आणि कालवे मागे राहिले. धरणाच्या फुगवट्यात नागपूरचं सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून येऊन साचतं, याचा त्रास नदीकाठच्या गावांना आणि भंडारा शहराला रोज भोगावा लागतो.

धानाशिवायचं अर्थकारण थोडक्यात असं. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. भंडाऱ्याची पितळी भांडी आणि मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचं कोसा विणकाम यांना नाव होतं. दोन्ही आता आक्रसली आहेत. गोंदिया वाढलं ते रेल्वे जंक्शनमुळे आणि राईस मिल व विडीमुळे. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता हाताला रोख पैसा देतात: ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक प्रमाण गोणी. पण हा पैसा काही आठवड्यांचाच.

धानाचं वेळापत्रक मात्र वर्षभर गावाला बांधून ठेवतं. एक हेक्टर रोवणीला दहा गुंठ्यांवर पऱ्हे (धानाची रोपं) टाकतात, बियाणं ३५ ते ४० किलो. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की चिखलणी करून रोवणी. पाऊस लांबला आणि बांधीत चिखलणीपुरतं पाणी नसलं तर पऱ्हे चाळीस दिवसांचे होतात; मग फुटवे कमी येतात आणि खत वाढवूनही ती तूट भरत नाही. तळ्यात आदल्या वर्षीचं थोडं पाणी राखलेलं असेल तर हीच रोवणी वेळेवर होते, म्हणजे तळं हंगामाच्या दोन्ही टोकांना उपयोगी पडतं. दाट लावणी आणि युरियाचा मारा झाला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुडतुडे बसतात आणि बांधीच्या मधोमध गोल चट्टे जळाल्यासारखे दिसू लागतात. गादमाशी ही कीड तर या भागाची जुनी डोकेदुखी. कापणीच्या आधी दहा-पंधरा दिवस, उभ्या धानातच, ओल असताना लाखोळी किंवा जवस फेकायची उतेऱ्याची पद्धत अजून टिकून आहे. वेगळी नांगरट नाही, वेगळं पाणी नाही.

या व्यवस्थेत सर्वांत जास्त ढिवरांनी सोसलं. ठेका त्यांच्या सहकारी संस्थांना मिळतो. रोहू, कतला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, म्हणून दर पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) विकत घेऊन सोडावी लागते. बीज मोठं व्हायला पाणी एप्रिल-मेपर्यंत टिकायला हवं. इकडे उन्हाळी धानासाठी तळं फेब्रुवारी-मार्चमध्येच तळाला नेलं जातं. तळातलं किती पाणी सोडायचं नाही हे रोवणीआधी गावात ठरलं नसेल तर भांडण ठरलेलं. स्थानिक मासे आणि पाखरं यांच्यासाठी तळाशी हायड्रिलासारख्या वनस्पती आणि काठाला देवधान (रानटी धान) लागतं. तळ्यात माजणाऱ्या बेशरमची झाडी उपटून या वनस्पती पुन्हा लावण्याचं काम अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या काही गावांत ढिवर बायांनी केलं आहे आणि त्याचा परिणाम जाळ्यात दिसला आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः याच दोन जिल्ह्यांत. तो धानाच्या बांधीत घरटं करतो आणि तळ्यात चरतो.

आता तळी खोल करण्याच्या योजना येतात, आणि गाळ काढला की काम झालं असं मानलं जातं. तिथेच घात होतो. शतकांच्या चिकणमातीने तळाला जो थर धरला आहे तोच पाणी थोपवतो. जेसीबीने तो फोडून मुरूम उघडा केला तर तळं दिवाळीतच आटतं. पाळीच्या पायथ्याशी खोदलं तर पाळ खचते. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं, वाळलेल्या झाडांची मुळं यांतून झिरपा सुरू होतो. पाळीच्या खालच्या बाजूला गढूळ पाणी दिसलं की माती वाहतेय असं समजायचं आणि त्याच दिवशी बीळ शोधून चिकणमातीने ठोकून बंद करायचं. पाणी स्वच्छ असेल तर थोडा वेळ मिळतो. सलंगीची उंची कोणी माशांसाठी वाढवली तर वरच्या बांध्या बुडतात, कोणी आपली बांधी वाचवायला फोडली तर खालच्यांचं ऑक्टोबरचं पाणी जातं. म्हणून सलंगीच्या माथ्याची उंची मोजून, गावासमोर वाचून, दगडावर खूण करून ठेवावी. आणि खोदकामाआधी तलाठ्याकडून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ आणि १६५ मध्ये हे दोन्ही कागद अजून जिवंत आहेत. तळ्याच्या पोटात कोणाचं अतिक्रमण किती आलं आहे आणि पाण्यावर कोणाचा हक्क आधीपासून आहे, हे ठरवायला त्यांचाच आधार घ्यावा लागतो.