बिएन्नो

बिएन्नो हे उत्तर इटलीतील लोंबार्दी प्रदेशात, ब्रेशा जिल्ह्यातील व्हाल कामोनिका या आल्प्स पर्वताच्या खोऱ्यात वसलेले जुने लोहारकामाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवरील हे गाव ग्रिन्या नदीच्या काठी असून ‘इटलीतील सर्वांत सुंदर गावे’ या संघटनेच्या यादीत त्याचा समावेश आहे. २०१४ मध्ये शेजारचे प्रेस्तिने हे गाव त्यात विलीन झाले.

भोवतालच्या डोंगरांत लोहखनिज होते आणि कोळशासाठी जंगल होते. मात्र या दोन गोष्टी खोऱ्यात इतरत्रही मिळत. बिएन्नोला घडवले ते पाण्याने. ग्रिन्या नदीतून मध्ययुगात काढलेला ‘वाझो रे’ नावाचा पाट गावातून उताराने वाहत जातो आणि त्याच्याच काठाने भट्ट्या व पिठाच्या चक्क्या उभ्या राहिल्या. एका कारखान्याचे चाक फिरवून बाहेर पडलेले पाणी पुन्हा पाटाला मिळे आणि पुढच्या कारखान्याच्या कामी येई. त्यामुळे या गावाची रचना समजून घ्यायची तर रस्त्यांआधी हा पाट पाहावा लागतो.

येथील मुख्य यंत्र म्हणजे ‘मालियो’, अर्थात पाण्यावर चालणारा घण. जाड लाकडी तुळईच्या एका टोकाला लोखंडी घण असतो. पाणचक्कीच्या आसावरील दाते तुळईचे दुसरे टोक खाली दाबून सोडत राहतात, तसा घण उचलला जाऊन ऐरणीवर कोसळतो. चाकावर पडणारे पाणी कमीजास्त करून लोहार घावांची गती ठरवतो, आणि चिमट्यात धरलेला लाल लोखंडाचा तुकडा दोन घावांमधल्या क्षणात फिरवून घेतो. घण थांबत नाही, म्हणून चूक सुधारायला सवड मिळत नाही. सारे कौशल्य या फिरवण्यात आहे.

भट्टीला हवा देण्याची पद्धत तर याहूनही विलक्षण आहे. लोहारकामात भाता ओढायला एरवी एक माणूस अडकून पडतो. येथे तेही काम पाण्याकडे सोपवले गेले. उंचावरून उभ्या नळातून पडणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढून घेते आणि खालच्या बंदिस्त दगडी कोठीत आपटते. तेथे हवा पाण्यापासून सुटून वर साठते, पाणी तळाच्या वाटेने निघून जाते आणि दाबली गेलेली हवा नळीवाटे थेट निखाऱ्यांवर पोहोचते. या व्यवस्थेत हलणारा एकही भाग नसल्याने झिजण्यासारखे फारसे काही नसे.

पंधराव्या शतकापासून १७९७ पर्यंत हे खोरे व्हेनिस प्रजासत्ताकाच्या अमलाखाली होते. बिएन्नोत प्रामुख्याने बादल्या, कढया, फावडी आणि शेतीची अवजारे घडत. त्या काळातील समृद्धीची खूण दगडी वाड्यांत आणि सांता मारिया आनुनचाता या चर्चमध्ये दिसते; तेथे सोळाव्या शतकातील चित्रकार रोमानिनो याची भित्तिचित्रे आहेत. लोखंडाशी या खोऱ्याचे नाते मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. कापो दी पोंते परिसरातील नाक्वाने येथे लोहयुगीन शिळाचित्रांत एक लोहार कोरलेला आढळतो. व्हाल कामोनिकातील शिळाचित्रांना १९७९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

विसाव्या शतकात वीज आणि कारखानी माल आल्यावर पाण्याचे घण एकेक करून थांबले. एक जुनी भट्टी आणि एक चक्की आता संग्रहालये म्हणून जपली असून भट्टीतला घण आजही वाझो रेच्याच पाण्यावर चालवून दाखवतात.