झऱ्याचं पाणी नितळ आहे, म्हणून शुद्धच?

'आयर्लंडमधल्या पवित्र विहिरींचं पाणी कधीच दूषित होत नाही, थेट प्या' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

विहीर म्हटलं की आपल्याला रहाट आठवतो. तिथे मात्र बहुतेकदा दगडांनी बांधून घेतलेला झराच असतो. पाणी काचेसारखं नितळ, बारा महिने गार, साधारण १०-११ अंश. ते शुद्ध वाटणं साहजिकच. पण क्लेअर परगण्यासारख्या भागात खडक चुनखडीचा. पावसाचं पाणी भेगांमधून सरसर खाली उतरतं, गाळलं जायला वेळच मिळत नाही, आणि वरच्या कुरणातलं शेणही सोबत येतं. जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत.

पडताळायचं तर निर्जंतुक बाटलीत दोन नमुने घ्या, एक कोरड्या दिवसांत, एक जोरदार पावसानंतर. प्रयोगशाळेत ई-कोलाय, म्हणजे शेण-विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू, तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलीटरमागे तो शून्य हवा.

'तोबर ना सूल', म्हणजे डोळ्यांची विहीर, इथे लोक त्या पाण्याने डोळे धुतात. गारव्याने चुरचुर थांबते हे खरं, पण संसर्ग बरा होत नाही, उलट नवा जडू शकतो.

शिवाय परंपरा नुसती पाणी पिण्याची नाहीच. विहिरीभोवती उजवीकडून प्रदक्षिणा घालतात, शेजारच्या झाडाला चिंधी बांधतात. चिंधी कुजेल तसा आजार ओसरतो, ही श्रद्धा. त्यासाठी घोटभरही प्यावं लागत नाही.