चांदीचे नॅनोकण : पेशी कोण मारते, कण की आयन?

कलिल चांदी, म्हणजे द्रवात तरंगणारे चांदीचे बारीक कण, औषध म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. तिचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, प्राण्यांच्या पेशींचे काय करतात, हे मात्र २००५ च्या आसपास नेटाने तपासले जाऊ लागले. तोवर मोजे आणि जखमेवरच्या पट्ट्यांत चांदी येऊन बसलीही होती. त्या वर्षी उंदराच्या यकृतपेशींवर झालेल्या तुलनेत ती लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांपेक्षा कितीतरी विषारी ठरली. पेशीला जपणारे ग्लुटाथायोन घटले, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाचे काम मंदावले, पेशीपटल गळू लागले. पुढे झेब्राफिशचे भ्रूण, शिंपल्यांच्या रक्तपेशी, गांडुळांच्या देहगुहेतल्या पेशी अशी यादी वाढत गेली.

वाद पेटला तो एकाच प्रश्नावर. पेशी मारतो कोण, कण की त्यातून सुटणारा आयन, म्हणजे चांदीचा विद्युतभारित अणू? २००८ मध्ये गोड्या पाण्यातल्या शैवालाच्या प्रयोगात सिस्टीन हे अमिनो आम्ल टाकले. ते चांदीच्या आयनांना धरून ठेवते, विषबाधा थांबली. २०१२ मध्ये ऑक्सिजनविना ठेवलेल्या जीवाणूंना कणांनी जवळपास काहीच केले नाही, कारण ऑक्सिजन नसला की कण विरघळत नाहीत. आयनाची बाजू मानणाऱ्यांनी प्रकरण मिटले असे धरले. ही घाई झाली. जीवाणू कण गिळत नाहीत, प्राण्यांच्या पेशी गिळतात. गिळलेले पचवणाऱ्या लायसोसोम या पेशीतल्या पिशवीच्या आम्लात कण विरघळतो आणि आयन थेट पेशीच्या आतच सुटतात. बाहेरच्या द्रवातले आयन मोजून हा हिशोब लागत नाही.

दुसरी अडचण त्या द्रवाचीच, म्हणजे पेशी ज्यात ठेवतात त्या माध्यमाची. क्लोराइड भरपूर असले की चांदी त्याच्याशी बांधली जाते, क्षारांमुळे कणांच्या गुठळ्या होतात. ट्राउट माशाच्या कल्ल्यांच्या पेशी कमी क्षारांच्या माध्यमात ठेवल्या, तेव्हा त्याच कणांची विषबाधा वाढली. मासा तोच, कण तेच, बदलले फक्त माध्यम. तरीही ‘माशाच्या पेशी नाजूक, माणसाच्या चिवट’ अशी विधाने सर्रास केली जातात.

२०२१ मध्ये ट्राउटच्या याच पेशींवरची रसायनांची चाचणी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. ती सीरमविना, म्हणजे रक्तातला प्रथिनयुक्त द्रव न घालता होते. सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र बहुधा सीरम घातलेल्या माध्यमात तपासतात, आणि सीरममधली प्रथिने कणांभोवती थर धरतात. अशा दोन प्रयोगांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडून प्रजातींची क्रमवारी लावणे चूक आहे.