चोरून ऐकणाऱ्याला पकडून देणारा प्रकाश

ऑक्टोबर १९७९. प्वेर्टो रिकोत सान हुआनच्या किनाऱ्यावर जील ब्रासार पोहत होते. तेवढ्यात एक अनोळखी माणूस पोहत जवळ आला आणि बनावट काढताच येणार नाहीत अशा क्वांटम चलनी नोटांविषयी बोलू लागला. ते होते भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बेनेट. मूळ कल्पना त्यांचे मित्र स्टीफन वीसनर यांची. ब्रासार चोवीस वर्षांचे, नुकतेच पीएचडी झालेले आणि विषयाने संगणकशास्त्रज्ञ. क्वांटम भौतिकी त्यांच्या अभ्यासातच नव्हती.

तरी दोघांनी मिळून डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरूच्या परिषदेत गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारी आकड्यांची मालिका, पाठवण्याची एक पद्धत मांडली. आज ती ‘बीबी८४’ म्हणून ओळखली जाते. प्रत्येक फोटॉनचं (प्रकाशकणाचं) ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, उभं-आडवं किंवा तिरकं, अशा दोन जोड्यांपैकी एकीत ठेवायचं. मोजणाराही जोडी अंदाजानेच निवडतो. मग दोघं फक्त निवडलेल्या जोड्या उघड करतात आणि जोडी जुळली तिथलेच बिट (० किंवा १) ठेवतात. मधल्या चोराला मात्र जोडी ठाऊक नसते. निम्म्या वेळा तो चुकीची मोजणी करतो आणि फोटॉनची मूळ अवस्थाच बिघडवतो. त्याने प्रत्येक फोटॉन मोजून पुढे पाठवला, तर ठेवलेल्या बिटांत सरासरी २५ टक्के चुका निघतात. थोडे बिट ताडून पाहिले की चोरी उघडकीस येते.

१९८९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी या पद्धतीचं यंत्र प्रत्यक्ष चालवलं. फोटॉनचा प्रवास जेमतेम ३२ सेंटिमीटर! पण ध्रुवीकरण बदलणाऱ्या भागांना लागणारा उच्च दाबाचा वीजपुरवठा प्रत्येक स्थितीत वेगळा आवाज करायचा, म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस किल्ली नुसत्या कानांनी टिपू शकला असता. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण सिद्धान्त अभेद्य असला तरी यंत्र तसं असेलच असं नाही. २०१० मध्ये संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या क्वांटम यंत्रांचे फोटॉन टिपणारे भाग प्रखर प्रकाशाने ‘आंधळे’ करून किल्ली मिळवता येते हे दाखवलं, तेव्हा याचीच पुन्हा प्रचिती आली.

अशा किल्ल्या लांबवर पोहोचवणाऱ्या क्वांटम जाळ्यापुढची अडचण वेगळीच आहे. काचतंतूत फोटॉन वाटेत हरवतात आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल करता येत नाही, त्यामुळे नेहमीचे अँप्लिफायर कुचकामी ठरतात. इथे ब्रासार यांचंच दुसरं मोठं काम उपयोगी पडतं: १९९३ मध्ये बेनेट आणि आणखी चौघांसोबत मांडलेलं क्वांटम टेलिपोर्टेशन. दोन टोकांत आधीच गुंतवलेले (म्हणजे मोजणीचे निकाल एकमेकांशी बांधलेले) कण असले, की नक्कल न करता अवस्था पलीकडे पोहोचवता येते. म्हणूनच दूरदूरची टोकं अशी गुंतवून ठेवणं, हेच आज या जाळ्यावर काम करणाऱ्यांपुढचं मुख्य काम आहे. २०१७ मध्ये चीनच्या ‘मिशियस’ उपग्रहाने सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांकडे गुंतलेले फोटॉन पाठवले. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला तीन टोकांचं छोटं जाळं चाललं.